वंशावळीला रंग द्यायचे, पण कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा होता: ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण साडेसहाशे माणसांची वंशावळ भरून झाली आहे. वडिलांकडची नावे छापील कुलवृत्तांतातून घेतली, आईकडची मामा-मावश्यांना विचारून. परदेशी व्हिडिओ पाहून चार आजी-आजोबांच्या चार शाखांना चार रंग द्यायला घेतले. पण वडिलांच्या आईवडिलांचे लग्न आते-मामे नात्यातले आणि एक पणजोबा दत्तक आलेले. रंग एकमेकांत मिसळून गेले. गणपतीत घरचे सगळे जमतील तेव्हा मोठा कागद भिंतीवर लावायचा आहे. रंग कसे द्यावेत?

आधी दिलेले रंग काढून टाका. बॅकअप घेऊन काढा, पण काढा. चूक तुमची नाही. चार रंगांची ही पद्धत मुळात कागदाच्या फाइलींसाठी आहे. अमेरिकेत मेरी हिल यांच्या नावाने ती ओळखली जाते: वडिलांच्या वडिलांकडचे निळे, वडिलांच्या आईकडचे हिरवे, आईच्या वडिलांकडचे लाल, आईच्या आईकडचे पिवळे. लेगसीसारख्या सॉफ्टवेअरांनी तीच उचलली. कपाटातल्या फाइलींसाठी ती झकास आहे. मीही माझ्या कपाटात तीच वापरते, कारण एक कागद एकाच फाइलीत जातो. माणसाचे तसे नसते, निदान आपल्याकडे तरी नाही.

तुमचेच उदाहरण घ्या. वंशावळकारांचा नेहमीचा आकड्यांचा हिशेब लावू: तुम्ही १, वडील २, आई ३, कुणाचाही बाप म्हणजे त्याच्या आकड्याची दुप्पट, आई म्हणजे दुप्पट अधिक एक. म्हणजे वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५. आजोबांची आई ९ आणि आजीचे वडील १०. आजोबांनी मामाच्या मुलीशी लग्न केले म्हणजे ९ आणि १० हे सख्खे बहीणभाऊ. मग त्यांचे आईवडील एकच: १८ आणि २० हा एकच माणूस, १९ आणि २१ ही एकच बाई. तुमच्या खापरपणजोबा-खापरपणजींच्या सोळा जागा आहेत, पण माणसे चौदाच. त्या जोडप्याला निळा द्यायचा की हिरवा? सॉफ्टवेअरला विचाराल तर प्राधान्यक्रमात जो रंग वर असेल तो दिसतो. हिरवा निळ्याच्या वर असेल तर त्या जोडप्यापासून वरचे सगळे हिरवे. निळा वर असेल तर निळे. तुम्हाला जे 'मिसळलेले' वाटते आहे ते हेच.

शाखांचे रंग हवेच असतील तर त्यावर उपाय सोपा आहे. पाचवा रंग घ्या, जांभळा म्हणा, आणि त्याचे नाव ठेवा 'दोन्हीकडून'. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला कितीही टॅग, म्हणजे रंगीत खुणा, लावता येतात. पण यादीत ओळीला रंग मिळतो तो प्राधान्यक्रमात सर्वात वर असलेल्या टॅगचा. म्हणून टॅगांची यादी उघडून 'दोन्हीकडून' सगळ्यात वर सरकवा. खालचे निळे-हिरवे टॅग तसेच राहतात, गाळणी (फिल्टर) लावली की सापडतात. कोकणात आणि देशावर अनेक घराण्यांत मामाची मुलगी करायची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती, तेव्हा असे जांभळे ठिपके एकच नाही, चारपाच निघतील. एकदा जांभळा लावला की दोन घराण्यांत मुली कशा येत-जात राहिल्या ते डोळ्यांसमोर उभे राहते. मला तरी तो नकाशा चार शाखांच्या नकाशापेक्षा जास्त आवडतो.

पण खरे सांगायचे तर, शाखांचे रंग मी पहिले देतच नाही. वंशावळीत एखादा माणूस कुणाकडचा आहे हे तर रेषाच सांगतात, त्याला रंग कशाला खर्चायचा? रेषा जे सांगू शकत नाही ते रंगाने सांगावे. रेषा काय सांगत नाही? ती ओढली कशावरून, हे.

वीसेक वर्षांपूर्वी मी सासरच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची पुरवणी करायला बसले, तेव्हा जुन्या छापील पुस्तकातले सगळे नाव अन्‌ नाव संगणकात भरले. छापील आहे म्हणजे खरे आहे, अशी माझी समजूत. पुढे ते पुस्तक ज्या माहितीपत्रकांवरून झाले त्यांचा गठ्ठा हाती आला. कुणी पोस्टकार्डावर आठवेल तसे लिहून पाठवलेले, कुणी भावाकडून ऐकून भरलेले, दोन पत्रकांत एकाच माणसाचे दोन वेगळे बाप. संपादकांनी एक बाप निवडला आणि छापला. त्यांचा नाइलाज होता, पण आपला नाही.

तेव्हापासून माझा पहिला रंगसंच पुराव्याचा असतो. चारच रंग. मोरपंखी: त्या काळातला कागद मी स्वतः पाहिला आहे. हळदी: नंतर कुणीतरी लिहिलेले किंवा छापलेले, कुलवृत्तांत यात येतो. राखाडी: ऐकीव. कुंकवी: दोन ठिकाणी दोन गोष्टी आहेत. प्राधान्यात कुंकवी सगळ्यात वर, कारण वाद असेल तर तो आधी दिसायला हवा.

आता यातली ग्यानबाची मेख. माणसाला रंग द्यायचा म्हणजे त्याच्या कोणत्या माहितीला? जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, गाव आत्याने सांगितलेले, बाप कुलवृत्तांतातला. मग रंग कुठला? माझा नियम असा: रंग त्या माणसाचा नसून त्याच्या आईबापांशी असलेल्या दुव्याचा. 'हा अमक्याचा मुलगा' हे कशावरून, एवढेच तो सांगतो. जन्मतारखेचा पुरावा जन्माच्या नोंदीला जोडा. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक संदर्भाला विश्वासार्हतेची पाच पायऱ्यांची श्रेणी देता येते, ती तिथे वापरा. वंशावळ पडते ती तारखेने नाही, दुव्याने. एक दुवा चुकला की वरच्या पाच पिढ्या भलत्याच घरात जातात.

मोरपंखी कागद कुठले, हे तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते. गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना चौदा. पण सावध: जुन्या नोंदींत मूल जन्मले तेव्हा बारसे झालेले नसायचे, म्हणून बापाचे नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. कुठला मुलगा, ते तुम्हाला ताडायचे. जमीन असेल तर फेरफार बघा. माणूस मेला की वारसनोंद होते आणि तिथे बायको, मुले, कधी मुली, सगळे एका ओळीत सापडतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतः नावे सांगितलेली असतात, कधी स्वतःच्या हाताने लिहिलेली. इनाम किंवा वतन असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियती, म्हणजे लेखी निवेदने, मोडीत. १८५२ च्या कायद्यानंतर लोकांनी आपला हक्क शाबीत करायला वंशावळी लिहून दिल्या. त्या सोन्यासारख्या आहेत खऱ्या, पण त्या इनाम वाचवायला दिलेल्या होत्या हे विसरू नका. ज्या भावाचा वाटा नाकारायचा तो कैफियतीतून गायब होऊ शकतो. अशा कागदाला मी मोरपंखी देते, पण शेजारी टीप लिहिते.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून वंशावळ हा शब्द तहसील कचेरीच्या रांगेत पोचला. तिथून आलेले बरेच जण मला विचारतात. त्यांना तर मी शाखांचे रंग देऊच नका म्हणते. नोंद सापडलेल्या पूर्वजापासून स्वतःपर्यंतची एकच साखळी घ्या आणि तिची प्रत्येक कडी मोरपंखी आहे का ते बघा. मधली एक जरी राखाडी असली तरी तो कागद आधी शोधायचा. बाकी सगळे झाड थांबू शकते.

दुसरा रंगसंच मला जास्त जवळचा आहे. मी या घराण्यात सून म्हणून आले. आमच्या जुन्या कुलवृत्तांतात माझ्या सासूबाईंच्या नावापुढे माहेरचे आडनाव आणि गाव आहे. त्यांच्या सासूबाईंपुढे नुसते 'भार्या लक्ष्मी'. त्यांच्याही सासूबाईंपुढे तेवढेही नाही. आणि मुली? 'तीन कन्या', की झाले! त्या तिघी कुठे गेल्या, कुणाच्या आजी-पणजी झाल्या, पुस्तकाला कर्तव्य नाही.

म्हणून एक अबोली टॅग करा: 'माहेर अज्ञात'. दुसरा आमसुली: 'सासर अज्ञात'. या घरात आलेल्या ज्या बाईचे आईवडील फाइलीत नाहीत तिला अबोली, या घरात जन्मलेल्या ज्या मुलीचा पुढचा ठावठिकाणा नाही तिला आमसुली. साडेसहाशे माणसांत हे दोन रंग लावून यादी उघडा आणि बघा किती ओळी रंगतात. मी पहिल्यांदा उघडली तेव्हा थोडा वेळ नुसती बघत बसले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या भागात बायकांची साधी ओळ शोधावी लागत होती.

या टॅगांचा फायदा असा की शोध कुठे करायचा ते कळते. आमसुली मुलींसाठी सगळ्यात चांगला कागद कुठला असेल? हक्कसोडपत्र. बापाच्या जमिनीवरचा हक्क भावांच्या नावे सोडताना मुलीला सही किंवा अंगठा द्यावा लागतो आणि तिथे तिचे सासरचे पूर्ण नाव आणि गाव येते. जिच्याकडून वाटा सोडवून घेतला तिचा पत्ता त्याच कागदाने आपल्याला लागावा, हा विचित्रच योग. अबोलीसाठी जुन्या लग्नातल्या आहेराच्या वह्या. 'मामाकडून' असे लिहून पुढे नाव आणि गाव असते. तो मामा ज्या बाईचा भाऊ तिचे माहेर सापडले. लग्नपत्रिकांतही आजोळचे नाव निघते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतली लाल कापडाची वही कुणी रद्दीत देऊ नये यासाठी तरी हे रंग घरच्यांना दाखवा.

लग्नानंतर पहिले नावही बदलायची आपली रीत विसरू नका. माहेरची दुर्गा सासरी जानकी होते आणि संगणकात दोन बायका तयार होतात. ग्रॅम्प्समध्ये एकाच व्यक्तीला जन्मनाव आणि लग्नानंतरचे नाव अशी वेगवेगळी नावे देता येतात. दोन टॅगांनी जोडायच्या भानगडीत पडू नका, एकच व्यक्ती करा.

आता दत्तक पणजोबा. हा प्रश्न रंगाने सुटत नाही, तो आधी नात्याच्या प्रकाराने सोडवायचा असतो. त्या पणजोबांना दोन कुटुंबांत मूल म्हणून घाला: जन्माच्या घरी नाते 'जन्म', दत्तक घरी नाते 'दत्तक'. सॉफ्टवेअर त्यासाठीच तो पर्याय देते. त्यानंतर ठरवायचे एवढेच की आलेख कुणामागे जाणार, कारण आलेख एका वेळी एकाच आईबापांमागे चढतो. त्यासाठी मुख्य आईवडील कुठले ते नेमावे लागते.

हे किती महत्त्वाचे आहे ते कोल्हापूरच्या गादीवरून बघा. दुसरे राजाराम महाराज मूळचे पाटणकर, १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले आणि १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये दत्तक आले. ते गेल्यावर १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले, ते राजर्षी शाहू महाराज. लागोपाठ तीन दत्तके. जन्माच्या शाखेने रंग द्याल तर गादीची ही रेषा दर पायरीला रंग बदलेल आणि वाटेल की तीन घराणी एकमेकांवर रचली आहेत. दत्तकविधानाने रंग द्याल तर ती भोसल्यांचीच एक अखंड रेषा, आणि मग शाहू महाराजांचे जन्मदाते जयसिंगराव घाटगे त्या चित्रात दिसणारच नाहीत. दोन्ही चित्रे खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. वारसा, गोत्र, कुलदैवत बघायचे तर दत्तक घर. रक्ताचे नाते, आनुवंशिक आजार किंवा डीएनए चाचणी बघायची तर जन्मघर. मी दोन्ही आलेख वेगळे काढते आणि दत्तक माणसाच्या चौकटीला रंग न देता नावापुढे 'द.' लिहिते. छापील कुलवृत्तांतात ही खूण चालत आलेली आहे, वाचणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

तिसरा संच काळाचा. हा मी चूक झाल्यावर शिकले. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे गोविंद महादेव, महादेव गोविंद, गोविंद महादेव अशी माळ लागते. भरताना माझ्या हातून मधली एक जोडी गळली, म्हणजे दोन पिढ्या, आणि नावे मात्र बरोबर जुळून बसली! कुणाच्याच लक्षात आले नाही. पुढे जन्मकाळाप्रमाणे पंचवीस-पंचवीस वर्षांचे पट्टे पाडून रंगवले तेव्हा बाप-लेकात एकाहत्तर वर्षांचे अंतर उघडे पडले. एक-दोन पट्ट्यांचे अंतर नेहमीचे, तीन पट्टे ओलांडले की थांबून बघायचे. अशक्य नसते, दुसऱ्या-तिसऱ्या लग्नाची शेंडेफळे असतात, पण बघायचे. यासाठी टॅग लावायचीही गरज नाही. ग्रॅम्प्सच्या पंख्याच्या आकाराच्या आलेखात काळाप्रमाणे छटा देण्याची सोय आहे. मात्र तो रंग त्या आलेखापुरता, तुमच्या टॅगांशी त्याचा संबंध नाही.

हे तीन संच एकाच वेळी दाखवायचा मोह आवरा. रूट्समॅजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आठव्या आवृत्तीपासून रंगांचे दहा वेगवेगळे संच ठेवता येतात, एका वेळी एक समोर घ्यायचा, आणि रंग सत्तावीस. सत्तावीस कुणाला लागतात कोण जाणे, पैठणीच्या दुकानातही बायका गोंधळतात. ग्रॅम्प्समध्ये संच नाहीत, टॅगांचा एकच ढीग आहे. म्हणून मी नावांनाच उपसर्ग लावते: 'पु-मोरपंखी', 'पु-हळदी', 'शोध-माहेर', 'शाखा-निळा'. ज्या कामाला बसायचे त्याचे टॅग वर सरकवायचे, बाकीचे खाली.

एक गोष्ट मात्र रंगवू नका. कुणाचे लग्न जातीबाहेर झाले, कोण पळून गेली, कुणाचा पाट लागला, कुणाची दुसरी बायको. माहिती टिपेत ठेवा, खासगी अशी खूण करून. रंग दुरून दिसतो, आणि भिंतीवर लावलेल्या कागदात आपल्या आजीची चौकट वेगळ्या रंगात का, हे एखाद्या नातवाने सगळ्यांदेखत विचारायला नको.

रंग फाइलीबाहेर जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. नातेवाइकाला दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी जेडकॉम फाइल (वंशावळीच्या सॉफ्टवेअरांत देवाणघेवाणीचा सामाईक प्रकार) पाठवाल तर नावे, तारखा, नाती जातील, टॅगांचे रंग जाणार नाहीत. जेडकॉममध्ये रंगाला ठरलेली जागाच नाही. ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या फाइलीत सगळे राहते, म्हणून बॅकअप त्यातच घ्या. आणि कुठल्या रंगाचा अर्थ काय, हे फाइलीतच एका टिपेत लिहा. एका गृहस्थांची मोठ्या मेहनतीने रंगवलेली फाइल त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली. सुंदर रंग होते. केशरी म्हणजे काय, ते आजही त्यांच्या घरात कुणाला माहीत नाही.

आता गणपतीचा कागद. त्यावर पुराव्याचे रंग नकोत, पाहुण्यांना त्याचे काही नसते. तिथे शाखांचे रंग चालतील, जांभळ्यासकट, पण फिकट छटा घ्या, म्हणजे काळी अक्षरे वाचता येतील. लाल आणि हिरवा शेजारी-शेजारी टाळा, काही पुरुषांना तो फरक दिसत नाही आणि ते बोलूनही दाखवत नाहीत. झेरॉक्सवाल्याकडे कृष्णधवल निघाला तरी कळावे म्हणून प्रत्येक शाखेला अक्षरही द्या: क, ख, ग, घ. हयात माणसांच्या जन्मतारखा काढून टाका. लोक कागदाचे फोटो काढून पुढे पाठवतात.

अबोली आणि आमसुली तेवढे मात्र राहू द्या. मोठ्या बायका आधी तिथेच येऊन उभ्या राहतात आणि 'अगं ही तर आमच्या काकूंची नणंद' असे काहीतरी सुरू होते. गेल्या खेपेला आमच्याकडे पहिल्या दोन तासांत सात आमसुली चौकटी भरल्या. कागदाशेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवा. पेन ठेवू नका, दोन काकांनी एकाच चौकटीत दोन नावे शाईने लिहिली की तो कागद गेला. आणि कुणी काय सांगितले त्याचे नाव तिथेच कोपऱ्यात लिहून घ्या. घरी जाऊन भराल तेव्हा त्या दुव्याचा रंग राखाडी.